शिमल्यातला बर्फ आणि खोलीतली शेगडी

भाकऱ्या उरकल्या असतील, काहीजणी अजून चुलीपुढंच असतील, तरी रेडिओ जरा जवळ ओढून घ्या. गेले दोन महिने जाईल तिथं एकच प्रश्न ऐकतोय, "शिमल्याला काय झालं हो तुमचं?" कुणी म्हणतं बर्फात गाडल्या गेल्या, कुणी म्हणतं खोलीत गुदमरल्या, कुणी म्हणतं थोरल्या काकूंना हेलिकॉप्टरनं आणलं. हेलिकॉप्टर नव्हतं. बाकीच्यात थोडं थोडं खरं आहे. म्हणून आम्ही नऊजणींनी बसून ठरवलं, की जे झालं ते एकदा सगळ्यांना सांगून टाकायचं. कागदावर उतरवलं एकीनं, पण वाचून दाखवलं सगळ्यांना, आणि प्रत्येकीनं त्यात काही ना काही दुरुस्ती केली. काकूंनी तर तीन ठिकाणी.

चंदीगडला बचत गटांच्या मालाचं प्रदर्शन होतं. आपल्याकडून शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी आणि घोंगड्या घेऊन आम्ही गेलो होतो. गुरुवारी प्रदर्शन संपलं. परतीचं तिकीट होतं सोमवारचं, दिल्लीहून पुण्याचं. मधे शनिवार-रविवार मोकळा. हा मोकळा शनिवार-रविवार चुकून राहिलेला नव्हता बरं का. दोन वर्षं आम्ही दरमहा ५० रुपये बचतीपेक्षा वेगळे बाजूला टाकत होतो, ते यासाठीच. वहीत त्या पैशाला नाव दिलं होतं "बघायचे पैसे". देवाला जायचे नाहीत, लग्नाला जायचे नाहीत, नुसते बघायचे.

आता हे सोपं वाटतं. पण घरोघरी काय झालं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. "तिथं काय आहे तुमचं?" असं विचारलं की उत्तर नसतं. आपण बायका काय कमी चालतो? रानात चालतो, पाण्याला चालतो, बाजाराला चालतो. पण कशासाठी तरी. डोक्यावर काही नाही, हातात काही नाही, कुणी वाट बघत नाही, आणि तरी चालायचं, हे आमच्यातल्या सातजणींनी जन्मात केलेलं नव्हतं.

काल्क्याहून सकाळी लवकर ती छोटी गाडी निघते. १९०३ साली सुरू झालेली, ९६ किलोमीटरची लाइन. अडीच फुटी रुळ, शंभरावर बोगदे, आठशेच्यावर पूल. प्रत्येक बोगद्यात आमच्या धाकट्या वहिनी ओरडायच्या आणि डब्यातली पंजाबी पोरं त्यांना साथ द्यायची. बडोग नावाच्या स्टेशनाशी सगळ्यात लांब बोगदा, एक किलोमीटरच्यावर. तिथं एका सहप्रवाशानं गोष्ट सांगितली. बडोग नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं दोन्ही बाजूंनी डोंगर पोखरला आणि दोन टोकं एकमेकांना भेटलीच नाहीत. त्याला एक रुपया दंड झाला, आणि अपमानानं त्यानं जीव दिला. मग भलकू नावाच्या त्याच भागातल्या अडाणी माणसानं काठीनं डोंगर ठोकून जागा दाखवली, तिथून बोगदा निघाला. अशा गोष्टीत मीठमसाला असतोच, पण भलकूबाबाच्या नावानं शिमल्यात रेल्वेचं संग्रहालय आहे, एवढं मात्र खरं. काकू म्हणाल्या, "अपमान बडोगचा झाला आणि स्टेशनलाही नाव त्याचंच. भलकूचं का नाही?" यावर डब्यात कुणाकडेच उत्तर नव्हतं.

शिमल्यात उतरलो तेव्हा ऊन होतं. लख्ख, पण अंगाला न लागणारं. शहर डोंगराच्या पाठीवर आणि दोन्ही कुशींवर टांगल्यासारखं आहे. १८६४ पासून इंग्रजांनी ही आपली उन्हाळी राजधानी केली. मॉल रोड म्हणून जो मुख्य रस्ता आहे, त्यावर गाड्यांना बंदी आहे. सगळे चालतात. सरकारी साहेब चालतो, शाळेची पोरं चालतात, पाठीवर फ्रिज बांधलेला हमालही चालतो. रस्ता सोडून बाजूला उभं राहायची सवय असलेल्या आम्ही पहिली दहा मिनिटं भिंतीला धरूनच चाललो. मग लक्षात आलं, मागून हॉर्न येतच नाही. तेव्हा कुठं रस्त्याच्या मधे आलो.

एका चौकात हात उंचावलेल्या माणसाचा पुतळा आहे. आमच्या सचिव ताई म्हणाल्या, "हे लाला लजपतराय. लाल-बाल-पालमधले लाल." आपल्या टिळकांचे सोबती म्हणून आम्ही तिथं जोडे काढून नमस्कार केला, लोक बघत होते तरी. हा पुतळा मूळचा लाहोरचा, फाळणीनंतर इकडे आणलेला. त्याच्या वरच्या बाजूला रिज नावाचं मोठं मैदान, टोकाला पिवळं चर्च. त्या मैदानाच्या खाली इंग्रजांच्या काळातली पाण्याची टाकी आहे, दहा लाख गॅलन पाणी मावेल एवढी. म्हणजे वर लोक फोटो काढतात आणि खाली शहराचं पिण्याचं पाणी साठलेलं. टँकरची वाट बघत आयुष्य गेलेल्या आपल्या माणदेशी बायका, आम्हाला चर्चपेक्षा त्या टाकीचंच कौतुक. दोघीजणी तर फरशीला कान लावायच्या बेतात होत्या.

तिथून लक्कड बाजार, म्हणजे लाकडी खेळण्यांची गल्ली. तिथं एका पायरीवर चंब्याकडची एक बाई सुया चालवत बसली होती, पुढ्यात लोकरीचे मोजे. विकली न गेलेली चार घोंगडी आमच्या खांद्यांवर होतीच, कारण चंदीगडला ठेवणार कुठं? तिनं एका घोंगडीचा कोपरा हातात घेतला, दोन बोटांत चोळला, नाकाला लावला आणि म्हणाली, "भेड़ किसकी है?" मेंढी कुणाची? हा प्रश्न आम्हाला दहा दिवसांच्या प्रदर्शनात एकाही गिऱ्हाइकानं विचारला नव्हता. मग काय, तासभर तिथंच. तिच्याकडे गद्दी मेंढपाळ असतात. थंडी आली की वरच्या डोंगरातून कळप घेऊन खाली उतरतात, उन्हाळ्यात पुन्हा वर. आपले धनगर दिवाळी झाली की मेंढरं घेऊन चाऱ्याच्या वाटेनं निघतात, तसंच. अंगावर घ्यायच्या जाड लोकरीच्या कापडाला ते लोक पट्टू म्हणतात. आम्ही तिच्याकडून नऊ जोड मोजे घेतले. ती म्हणाली, बर्फ पडला तर हे बुटाच्या आत नको, बुटाच्या वरून चढवा. आम्ही हसलो. ऊन पडलेलं, बर्फ कुठला?

खरं सांगायचं तर तिला ठाऊक होतं आणि आम्हाला नव्हतं. हवामान खात्याचा इशारा होता, पण उंच भागासाठी, असं आम्ही समजून चाललो. उतरलो त्या लॉजच्या माताजींनीही सकाळी आभाळाकडे बोट केलं होतं. हिवाळ्यात पश्चिमेकडून, पार भूमध्य समुद्राकडून, ओलावा घेऊन येणारे वारे हिमालयाला अडतात आणि तिथं बर्फ पडतो. आपला पाऊस जसा नैर्ऋत्येकडून येतो, तसा त्यांचा हा. आपण मृगाआधी मुंग्या बघतो, वारा बघतो. तिथं गेल्यावर मात्र आभाळ वाचणं आम्ही सोडून दिलं. पाहुणा माणूस आभाळाकडे बघत नाही, दुकानांकडे बघतो.

चार वाजता ऊन गेलं. पाच वाजता वारा थांबला. साडेपाचला वहिनींच्या पदरावर काहीतरी पांढरं पडलं. त्यांना वाटलं कुणीतरी कापूस पिंजतंय.

मैत्रिणींनो, आपल्याला गारा माहीत आहेत. पत्र्यावर तडतड होते, द्राक्षं झोडपली जातात, पोटात गोळा येतो. बर्फाला आवाज नसतो. हे आधी कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. इतकं मोठं काहीतरी आभाळातून खाली येतंय आणि कानाला काहीच नाही, उलट रोजचे आवाजही दबलेले. आम्ही सगळ्या गप्प झालो. मग काकूंनी तळहात पुढे केला, त्यावर पडलेलं बघितलं, आणि चाटलं. "चव नाही," म्हणाल्या. त्यानंतर जो धिंगाणा झाला तो सांगायचा नाही असं ठरलंय, कारण सासरची मंडळी ऐकतायत.

सात वाजेपर्यंत रिजवर घोटा बुडेल एवढा बर्फ. आम्ही लॉजवर आलो तोवर साड्यांचे काठ भिजून कडक झालेले, अक्षरशः पापडासारखे. जेवायला माताजींनी सिड्डू दिले. गव्हाच्या आंबवलेल्या पिठाचे वाफवलेले मोठे लाडूच म्हणा, वर तूप सोडलेलं. नऊच्या सुमारास बाहेर कडाड आवाज झाला. बर्फाच्या वजनानं देवदाराची फांदी मोडून तारांवर पडली, आणि वीज गेली. खोलीतला हीटर बंद.

आता जे सांगायचंय त्यासाठी हे सगळं.

खाली जेवणाच्या पडवीत माताजींची कोळशाची शेगडी होती. ते लोक तिला अंगीठी म्हणतात. पडवीला दोन बाजूंनी जाळी, वारा खेळता. आम्ही साडेदहापर्यंत तिथंच बसलो. माताजी झोपायला गेल्या. आम्ही वर गेलो. खोलीत इतकी थंडी की दात वाजायला लागले. काकू बासष्ट वर्षांच्या, त्यांना हुडहुडी भरली. तेव्हा आम्ही खाली उतरलो, शेगडी उचलली आणि वर आणली. ज्वाळा नव्हती, धूर नव्हता, नुसते लाल निखारे. धूर नाही म्हणजे भीती नाही, असं वाटलं. दाराच्या खालून वारा येत होता तिथं एक साडी कोंबली, खिडकीच्या फटीत वर्तमानपत्र. नऊजणी एका खोलीत, चार घोंगड्या, मधे शेगडी. अर्ध्या तासात काय ऊब आली! आम्ही एकमेकींना म्हणालोसुद्धा, की बरं झालं.

शेगडी कुणी उचलली, हे घरोघरी विचारलं जातंय. ते नाव मिळणार नाही. मीटिंगच्या वहीत "आम्ही शेगडी आत घेतली" असं लिहिलंय आणि खाली नऊ सह्या आहेत. समन्वयक म्हणून ज्यांनी नको म्हणायला हवं होतं, त्याही त्यातच आहेत.

रात्री दोनच्या सुमारास वहिनींना जाग आली. त्या दाराजवळ झोपल्या होत्या. डोकं ठणकत होतं, मळमळत होतं. उठायला गेल्या तर पायांत जीव नाही. गुडघ्यांवर दोन पावलं गेल्या आणि दारावरच कोसळल्या. पण कडी हाताला लागली. दार उघडलं, तोंडावर गार वारा आला, आणि त्यांनी आरडाओरडा केला. आमच्यातल्या सहाजणी कशाबशा उठल्या. डोकं फुटेल असं दुखत होतं, एकीला उलटी झाली. सचिव ताई हलवल्यावर "हूं" म्हणाल्या. काकू काहीच म्हणाल्या नाहीत.

आवाज ऐकून माताजी वर आल्या. बघताक्षणी त्यांना कळलं. "अंगीठी बाहर! सब बाहर!" एवढंच त्या ओरडत होत्या. त्यांनी खिडकीची काच उघडेना तेव्हा लाटण्यानं फोडली. काकूंना घोंगडीसकट ओढत व्हरांड्यात नेलं. बाहेर बर्फ पडतोय, आणि त्या थंडीत आम्ही नऊजणी उघड्यावर, आणि माताजी म्हणतायत, आत जायचं नाही. काही वेळानं काकूंनी डोळे उघडले. पण बोलणं जड, आणि आपण कुठं आहोत ते त्यांना सांगता येईना.

दवाखान्यात न्यायलाच हवं होतं. गाडी येणं शक्य नव्हतं. माताजींच्या मुलानं खालच्या गल्लीत राहणाऱ्या दोन काश्मिरी हमालांना उठवलं. दिवसभर पाठीवर पोती आणि सिलिंडर वाहणारी माणसं. त्यांनी पाठीवरच्या दोराची बैठक केली आणि काकूंना त्यात बसवलं. दुसऱ्यानं सचिव ताईंना धरलं. सोबत आम्ही चौघी गेलो, बाकीच्या माताजींजवळ मोकळ्या पडवीत बसल्या.

पहाटेचे चार. कालचं तेच शहर, तोच रस्ता. दिवे नाहीत, पण बर्फाचा उजेड असतो, वाट दिसते. पोटरीपर्यंत पाय आत जात होते. त्या चालण्यात जे शिकलो ते हमालांकडून, ते पुढं चालत आणि मागं वळून सांगत. लांब टांग टाकायची नाही, छोटी पावलं, सगळा तळवा एकदम टेकवायचा. हात पदरात गुंडाळायचे नाहीत, मोकळे ठेवायचे. तुडवलेल्या वाटेवरून नको, कडेच्या ताज्या बर्फातून चालायचं, कारण तुडवलेला गोठून काच होतो. पायऱ्या उतरताना आडवं व्हायचं. आणि घराच्या कडेनं, पत्र्याखालून जायचं नाही. उतरत्या छपरावरून बर्फाचा थर एकदम सुटतो, तो अंगावर आला तर माणूस खाली जातो. मोजे आम्ही बुटांवरून चढवले होते. त्या चंब्याच्या बाईचं नावसुद्धा विचारलं नव्हतं, पण त्या रात्री वाटेत दहा वेळा तिची आठवण काढली.

आणखी एक. पाचवारी नेसलेल्या आम्ही तिघी तीन-तीनदा पडलो. चौथ्या होत्या मावशी, नऊवारी, काष्टा मारलेला. त्या एकदाही पडल्या नाहीत.

वाटेत एका वळणावर काकूंना थोडी शुद्ध आली. हमालाच्या मानेशी तोंड नेऊन म्हणाल्या, "बाबा, जन्मभर ओझं वाहिलं, आज ओझं झाले." त्याला मराठी कळलं नाही. तो म्हणाला, "हां अम्मा, बस पहुँच गए." आम्हाला रडू आलं ते तेव्हा. थंडीनं डोळ्यांतलं पाणीही झोंबतं.

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई ड्यूटीवर होत्या. काही विचारायच्या आधी म्हणाल्या, "अंगीठी?" म्हणजे बघा, त्यांना हे किती नेहमीचं. काकूंना आणि सचिव ताईंना लगेच मास्क लावून ऑक्सिजन सुरू केला. नंतर त्यांनी आम्हाला बसवून समजावलं, ते आम्ही जसं समजलो तसं सांगतो.

कोळसा, लाकूड, गोवरी काहीही असो. बंद जागेत हवा कमी पडली की ते नीट जळत नाही, आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. धुरानं निदान खोकला येतो, माणूस पळतो. हा कळतच नाही. आपलं रक्त जसा प्राणवायू धरतं, त्याच्या दोनशेपटीहून जास्त ओढीनं ते हा वायू धरून ठेवतं. मग प्राणवायूला रक्तात जागाच उरत नाही. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, हातपाय गळतात, मग झोप येते, आणि त्या झोपेतून माणूस उठत नाही. थंडीच्या मुलखात दर हिवाळ्यात अशी कुटुंबंच्या कुटुंबं जातात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एका खोलीतल्या सगळ्यांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर कमी झालं, तर दुसरं काही शोधत बसू नका.

आमच्यातल्या एक आशाताई. करोनात घरोघरी बोटाला लावायचं यंत्र घेऊन फिरलेल्या. त्यांनी काकूंच्या बोटाला लावलेल्या यंत्राकडे बघितलं, आकडा ९७. त्या म्हणाल्या, "मॅडम, ऑक्सिजन तर चांगला दाखवतंय." बाई म्हणाल्या, हेच फसवं आहे. त्या साध्या यंत्राला प्राणवायू आणि हा वायू यातला फरक कळत नाही, ते दोन्ही एकच मोजतं. आकडा चांगला दिसला म्हणून अशा माणसाला घरी ठेवायचं नाही. आशाताईंनी हे तिथंच हातावर पेनानं लिहून घेतलं.

आणि मग त्या आशाताईच म्हणाल्या, "आपल्याकडे बर्फ नाही, पण बाळंतिणीची खोली आहे."

बरोबर आहे की नाही? बाजेखाली शेगडी, निखाऱ्यांवर ओवा-शेपा टाकलेल्या, वारा लागू नये म्हणून दार लावलेलं, खिडकीला चादर, फटीत चिंध्या. आत बाळंतीण आणि बारा दिवसांचं बाळ. तिचं डोकं दुखतं, तर आपण म्हणतो अशक्तपणा. बाळ फार झोपतं, तर म्हणतो शहाणं आहे. आम्ही काही असं म्हणत नाही की जिथं जिथं डोकं दुखलं तिथं हेच होतं. पण दवाखान्याच्या त्या बाकड्यावर बसून आमच्यातल्या प्रत्येकीला आपापली अंधारी खोली आठवली. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला हा वायू आईपेक्षाही जास्त बाधतो, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. शेक द्यायचा तर दार-खिडकी उघडी ठेवून द्या, शेक झाला की शेगडी बाहेर काढा, निखारे विझलेत असं वाटलं तरी बाहेरच. झोपताना खोलीत शेगडी नको, घमेल्यातले निखारे नकोत, पेटता स्टोव्हही नको. ऊब हवी तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून घ्या, आणि घोंगडी आहेच. सासूबाई ओरडतील. आमचं नाव सांगा.

दुपारी दोनपर्यंत काकू बोलायला लागल्या. पहिला प्रश्न, "चहा आहे का?" दुसरा, "घोंगडी कुठाय?" त्यांना रात्रभर तिथंच ठेवलं. सचिव ताईंना संध्याकाळी सोडलं.

तोवर रविवार होता आणि बर्फ थांबला होता. ऊन पडलं. सगळं शहर धुवून वाळत घातल्यासारखं. आम्ही दवाखान्यातून लॉजवर चालत गेलो तेव्हा रस्त्यावर लोक फावड्यानं बर्फ ओढत होते, निसरड्यावर माती टाकत होते, पोरं घसरगुंडी करत होती. नळ गोठलेले, बायका पातेल्यात बर्फ वितळवत होत्या. इतकं सुंदर आम्ही काही पाहिलं नव्हतं, आणि बघायची हिंमतही होत नव्हती. वहिनी मधेच थांबल्या आणि म्हणाल्या, "बघू ना आता. त्यासाठीच आलो होतो." मग आम्ही रिजवर अर्धा तास उभ्या राहिलो. कुणी कुणाशी बोललं नाही.

संध्याकाळी लॉजच्या पडवीत मीटिंग घेतली, वही काढून, हजेरी घेऊन. रात्रीच काल्क्याला पोचायचं होतं. एक टॅक्सीवाला तयार होता, तिप्पट पैसे मागत होता. तिघींचं म्हणणं, जाऊ या, सोमवारची तिकिटं बुडतील, घरी काय तोंड दाखवायचं? पण काकूंना सोडून जायचं का, आणि गोठलेल्या घाटातून रात्री उतरायचं का? माताजी कोपऱ्यात ऐकत होत्या, त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, सडक बंद होती है, छोटी गाड़ी चलती है. रस्ता बंद पडला तरी ती छोटी गाडी बहुतेक चालते. हात वर केले, राहायचं म्हणणाऱ्या जास्त निघाल्या. राहिलो. तिकिटं बुडाली, हे खरं आहे. फुटलेल्या काचेचे पैसे आम्ही देऊ केले, माताजींनी घेतले नाहीत, मग चटणीचे उरलेले सगळे डबे त्यांच्या ओट्यावर ठेवून आलो. हमालांनी ठरलेल्या मजुरीच्यावर एक रुपया घेतला नाही.

घरी फोन करणं हे बर्फापेक्षा अवघड गेलं. एका घरी सांगितलं तर सगळ्या गावाला कळणार. एका भाऊजींनी फोनवर विचारलं, "कुणी पाठवलं होतं तिकडं?" आम्ही म्हटलं, आम्हीच.

सोमवारी सकाळी त्याच छोट्या गाडीनं उतरलो. दोन दिवस उशिरा, जनरलच्या डब्यात बसून, पुण्याला आलो. काकू आता ठणठणीत आहेत. मधे महिनाभर नावं विसरायच्या, आता विसरत नाहीत. उलट ज्या आठवू नयेत त्या गोष्टीही आठवतात.

गावात काय बोललं गेलं ते तुम्ही ऐकलंच असेल. पारावर म्हणे चर्चा झाली, की बायकांच्या हातात पैसा आला की असं होतं. एका गटानं "बघायचे पैसे" बंद केले, घरून दबाव आला म्हणून. त्यांना आम्ही दोष देत नाही. आमच्या गटात मात्र या महिन्यात नऊपैकी आठजणींनी ५० रुपये भरले. नववीचे पुढच्या महिन्यात दोन्ही येतील, तिच्याकडे मुलाची फी होती.

माताजींचा फोन येतो अधूनमधून. मागच्या आठवड्यात म्हणाल्या, लक्कड बाजारातली ती मोजेवाली विचारत आली होती, काळ्या मेंढीची घोंगडी मिळेल का म्हणून. गुरुवारी बाजाराच्या दिवशी दोन पाठवल्या, एक तिला, एक माताजींना. शिवून, वर कापड लावून, पत्ता काकूंनी स्वतः सांगून लिहून घेतला. पार्सलची पावती वहीला टाचून ठेवलीय.